चित्र नंतर घ्या, भिंत आत्ता तयार करा

प्रश्न : नव्या घराचं अंतर्गत काम सुरू आहे. दिवाणखान्यात सोफ्यामागे जिप्समचं पार्टिशन आहे, ४.२ मीटर रुंद. त्याच्या समोर, ५ मीटरवर, जमिनीपासून छतापर्यंत पश्चिमेची काच. फॉल्स सीलिंग तीन आठवड्यांत बंद होईल, त्याखाली ३.१ मीटर उंची राहील. सोफा २.७ मीटर लांब, पाठ ८० सेंटिमीटर. डिझायनर म्हणतात, चित्राचं शेवटी बघू, उशांच्या हिरव्या रंगाला जुळणारा मोठा कॅनव्हास करून घेऊ. नवऱ्याला एखाद्या नावाजलेल्या चित्रकाराचं मूळ चित्र हवं आहे, गुंतवणूक म्हणून. माझ्याकडे आत्याने काढलेली चार जलरंगचित्रं आहेत, जुनी, भोवतीचे पुठ्ठ्याचे काठ, म्हणजे माउंट, तपकिरी पडलेले. ती ‘या घरात शोभणार नाहीत’ यावर मात्र दोघांचं एकमत आहे. प्रवेशाच्या दालनात संगमरवराची भिंत आहे, तिच्यासमोर ब्राँझचं शिल्प ठेवायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन मतं आहेत आणि एक तारीख आहे. मतांचं सावकाश बघता येईल. सीलिंग बंद व्हायची तारीख मात्र थांबणार नाही, म्हणून सुरुवात तिथून.

डिझायनरचं ‘शेवटी बघू’ हे निम्मं बरोबर आहे. चित्र शेवटी घेतलं तरी चालतं. उलट उशिरा घेतलेलं बरं, कारण राहायला गेल्यावर खोलीतला उजेड कळतो, आपण रोज कुठे बसतो तेही कळतं. पण चित्राचं वजन पेलणारा आधार, दिव्यांची जागा आणि वायरिंग शेवटी करता येत नाही. महागड्या घरांत कलाकृती ओशाळवाणी दिसते ती बहुतेक वेळा या दिरंगाईमुळे. उत्तम चित्र येतं आणि मग कळतं की दिवे नेमके त्याच्या डोक्यावर ३० सेंटिमीटरवर आहेत आणि भिंत आतून पोकळ आहे.

आधी चित्राचा आकार ठरवू. चित्र नसताना आकार ठरवता येतो आणि पुढची सगळी मापं त्यावरच अवलंबून आहेत. सोफ्यामागचं चित्र सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश रुंद असलं की दोन्ही एकमेकांचे वाटतात. २.७ मीटरच्या सोफ्याला म्हणजे १.८ ते २ मीटर. याहून लहान चित्र तिथे तरंगत राहतं, सोफ्याएवढंच रुंद असेल तर सोफ्याचीच पाठ वर वाढल्यासारखं दिसतं. आपण १.८ बाय १.२ मीटर धरू. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा ही संग्रहालयांची सवय मोकळ्या भिंतीसाठी उत्तम. सोफ्यावर मात्र ती मोडावी लागते. तिथे महत्त्वाचं ते सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांतलं अंतर, साधारण १५ ते २५ सेंटिमीटर. २० धरलं तर तुमच्या फ्रेमची खालची कड १ मीटरवर, वरची २.२ मीटरवर आणि मध्य १.६ मीटरवर येतो. रेलून बसणाऱ्याचं डोकं फ्रेमला लागत नाही आणि चित्र फर्निचरपासून तुटतही नाही. वर ९० सेंटिमीटर भिंत मोकळी राहते, ती राहू द्या. उंच छत आहे म्हणून चित्र वर सरकवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

हा आकार कागदावर ठरवून थांबू नका. ब्राउन पेपर जोडून १.८ बाय १.२ मीटरचा तुकडा करा, मास्किंग टेपने भिंतीला लावा, चार-पाच दिवस ठेवा. दारातून आत येताना, जेवणाच्या टेबलावरून, काचेकडे पाठ करून, असं तीन ठिकाणांहून बघा. बांधकामाच्या पसाऱ्यातही कमी-जास्त लगेच जाणवतं.

आता भिंत. जिप्सम बोर्ड साधारण १२.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि आत पत्र्याचे उभे स्टड असतात. बोर्डात नुसता स्क्रू मारून काही टिकत नाही. चित्राचं वजन किती होऊ शकतं याचा हिशेब सोपा आहे. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तुमच्या आकाराला, म्हणजे २.१६ चौरस मीटरला, ४ मिलिमीटरची काच लावली तर एकटी काचच साडेएकवीस किलोची. फ्रेम, पाठीचा बोर्ड आणि चित्र धरून ३५ किलोच्या पुढे जाल. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची शीट वापरली तर तिचं वजन निम्म्याहूनही कमी, दहा किलोच्या आसपास. कॅनव्हासला काच लागतेच असं नाही. पण उद्या कागदावरचं मोठं काम आवडलं तर भिंत तयार हवी.

म्हणून बोर्ड लागण्यापूर्वी स्टडच्या मधे १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुड बसवून घ्या, जमिनीपासून १.५ मीटर ते २.४ मीटर उंचीपर्यंत आणि भिंतीच्या पूर्ण रुंदीत. फक्त मधल्या दोन मीटरमध्ये नको, उद्या सोफा सरकला तर? प्लाय स्टडला स्क्रूने जखडलेला हवा, नुसता गोंदाने किंवा मधे अडकवलेला नको. बोर्ड आधीच लागला असेल तर तेवढा पट्टा कापून पुन्हा बसवायला सांगा. आज एका दिवसाचं काम आहे, रंग झाल्यावर आठवड्याचं. बंद करण्यापूर्वी भिंतीवर टेप उलगडून फोटो काढून ठेवा, म्हणजे प्लाय आणि वायर कुठून गेले ते कायम माहीत राहील. पार्टिशनच्या पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याच्या पाइपांचाही फोटो काढा. तिथे ओल येत नाही ना, हे चित्र टांगण्याआधी एक पावसाळा बघणं उत्तम.

टांगण्याची पद्धत सुताराला आत्ताच सांगून ठेवा. फ्रेमच्या मागे आडवी तार आणि भिंतीत एक खिळा, ही पद्धत लहान चित्रापुरती. तार जितकी ताणून आडवी बांधाल तितका तिच्यावरचा ताण वाढतो. दोन्ही बाजूंना तार आडव्या रेषेशी १५ अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूवर चित्राच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट ओढ येते. २० किलोचं चित्र दोन्ही कड्यांना सुमारे ३९ किलोने ओढत असतं, म्हणून वर्षा-दोन वर्षांत कडी उपटते किंवा फ्रेमचे कोपरे उघडतात. शिवाय दार आपटलं की चित्र तिरकं होतंच. मोठ्या चित्राला फ्रेमच्या मागे स्क्रूने बसणाऱ्या दोन कड्या, म्हणजे डी-रिंग, आणि भिंतीत दोन स्वतंत्र हुक लावा. त्याहून वजनदार असेल तर ४५ अंशात चिरलेल्या दोन लाकडी पट्ट्या वापरा, एक भिंतीला, एक फ्रेमला, आणि वरची पट्टी खालचीत अडकवा. भिंतीवरची पट्टी लेव्हलमध्ये बसली की चित्र आयुष्यभर सरळ राहतं. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबरी बटणं लावायला विसरू नका. त्यांच्यामुळे मागे सेंटिमीटरभर हवा खेळती राहते, भिंतीचा दमटपणा चित्राच्या पाठीत शिरत नाही आणि भिंतीच्या रंगावर काळपट रेघाही उठत नाहीत.

दिव्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घर श्रीमंत दिसतं की नुसतं महागडं, याचा फैसला बऱ्याचदा इथे होतो.

चित्रावर प्रकाश उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांनी पडावा. तुमच्याकडे सीलिंग ३.१ मीटरवर आणि चित्राचा मध्य १.६ मीटरवर, म्हणजे फरक १.५ मीटर. ३० अंशांच्या हिशेबाने त्याला ०.५८ने गुणलं की ८७ सेंटिमीटर. फ्रेमची जाडी धरून भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर दिव्यांची ओळ घ्या. इलेक्ट्रिशियन सवयीने ३० सेंटिमीटरवर घेईल, कारण बाकीच्या भिंती त्याने तशाच उजळलेल्या असतात. तेवढ्या जवळून प्रकाश चित्रावर घासत खाली येतो. फ्रेमच्या वरच्या कडेची सावली चित्राच्या माथ्यावर पडते, कॅनव्हासची प्रत्येक सुरकुती उठून दिसते, आणि चित्राच्या वर प्रकाशाची कमान उमटते ती वेगळीच. उलट दीड मीटरवर नेला तर बघणाऱ्याची स्वतःची सावली चित्रावर पडते आणि काचेतून दिवा डोळ्यांत येतो.

सीलिंगमध्ये बसवलेल्या स्थिर स्पॉटपेक्षा ट्रॅक, म्हणजे दिवे सरकवता येणारी पट्टी, घ्या, भिंतीला समांतर, निदान तीन मीटरचा. डिझायनरला ट्रॅक दिसायला आवडत नसेल तर तो खाचेत बसवता येतो, फक्त ती खाच आत्ताच आखावी लागते. चित्र बदललं की दिवे सरकतात, हा त्याचा खरा फायदा. दिव्यापासून चित्राच्या मध्यापर्यंतचं तिरकं अंतर तुमच्याकडे १.७ मीटरच्या थोडं पुढे आहे. ३६ अंशांचा झोत तिथे १.१ मीटर व्यासाचं वर्तुळ उजळतो. १.८ मीटर रुंद चित्राला असे दोन दिवे पुरतात, दोन्ही वर्तुळं मधे एकमेकांवर थोडी चढतात. एकच ६० अंशांचा दिवा लावला तर चित्राइतकीच आजूबाजूची भिंतही उजळते आणि चित्र वेगळं उठत नाही.

दिवा घेताना खोक्यावर तीन गोष्टी बघा. रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळसर की पांढरा याचा आकडा, २७०० ते ३००० केल्विन, आणि त्या खोलीतले बाकीचे दिवेही तेवढेच. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, निदान ९०, जमल्यास ९५. आणि लाल रंग नीट दाखवण्याचा आकडा, म्हणजे आर९, वेगळा विचारा. ८० सीआरआयच्या स्वस्त दिव्याखाली लाल मळकट होतो आणि कातडीचे रंग निर्जीव दिसतात. डिमर हवाच, आणि तो दिव्याच्या ड्रायव्हरशी, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीशी, जुळतो की नाही हे बसवण्यापूर्वी दहा टक्क्यांपर्यंत मंद करून तपासा. जुळत नसेल तर दिवा लुकलुकतो. कलाकृतीच्या दिव्यांचं सर्किट बाकी खोलीपासून वेगळं ठेवा. संध्याकाळी इतर दिवे मंद करून फक्त चित्र उजळता आलं पाहिजे, ही तुमच्या दिवाणखान्याला मिळणारी सगळ्यात मोठी चैन असेल.

आता समोरची काच. सूर्य २० अंशांपर्यंत उतरला की ३.१ मीटर उंच काचेतून आलेलं ऊन ५ मीटरवरच्या भिंतीवर जवळजवळ १.३ मीटर उंचीपर्यंत चढतं. १० अंशांवर आला की २.२ मीटरपर्यंत. म्हणजे मावळतीचं ऊन रोज तुमच्या चित्राच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत अख्खं चित्र पार करणार आहे. प्रकाशाचं नुकसान साठत जातं, रात्री भरून निघत नाही. संग्रहालयं जलरंग, छापचित्रं आणि कापड यांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि तैलरंगांना २०० लक्सची मर्यादा पाळतात. काचेतून आलेलं संध्याकाळचं ऊन २०,००० लक्स धरलं तर त्याचा एक तास म्हणजे ५० लक्सच्या दिव्याखाली रोज ५ तास याप्रमाणे ८० दिवस.

मोठ्या संस्थांनाही हे महागात पडलं आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात १९६४ मध्ये अमेरिकी चित्रकार मार्क रॉथ्को यांची पाच प्रचंड चित्रं बसवली गेली. त्यांतला किरमिजी रंग ‘लिथॉल रेड’ या उजेडाला न टिकणाऱ्या रंगद्रव्यातून आला होता. मोठाल्या काचांतून येणाऱ्या उजेडात तो उडाला आणि १९७९ पर्यंत चित्रं काढून अंधाऱ्या गोदामात ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली गेली तेव्हा मूळ रंग दिसावेत म्हणून प्रत्येक चित्रावर प्रोजेक्टरने रंगीत प्रकाश टाकावा लागला.

तुम्ही काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा. चांगली फिल्म ते ९९ टक्के रोखते. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, दिसणारा उजेडही रंग उडवतो. मोटरवर चालणारा पातळ पडदा आणि त्याला दुपारनंतर आपोआप उतरण्याचं टायमर, एवढी सोय करा. त्याचा वीजबिंदूही सीलिंगमध्येच येतो, म्हणजे याच तीन आठवड्यांत. आणि या भिंतीवर कागदावरचं मूळ काम कायमचं लावू नका. अ‍ॅक्रिलिक किंवा तैलरंगातलं काम चालेल, टिकाऊ रंगद्रव्यातलं असेल तर. चित्रकाराला नेमके कोणते रंग वापरले हे विचारायला संकोचू नका. चांगला चित्रकार ट्यूबवरचं नाव सांगतो. चित्राला काच असलीच तर परावर्तन रोखणारी घ्या, नाहीतर दिवसभर समोरच्या खिडकीचंच चित्र दिसेल. एसीचा झोतही थेट चित्रावर नको. हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो दिवसातून दोनदा वर-खाली होऊ नये.

आता उशा. हिरव्या उशीला जुळवून कॅनव्हास करून घेण्याची कल्पना आम्हाला पटत नाही, आणि कारण निव्वळ हिशेबाचं आहे. सोफ्याचं कापड सात-आठ वर्षांत बदलेल, उशा त्याआधीच. मग चित्र कशाला जुळणार? जुळवायचंच तर उलट्या दिशेने जुळवा. आधी चित्र, मग त्यातला एखादा बाजूचा, कमी जागा व्यापणारा रंग उचलून उशी. खोलीतला प्रमुख रंग चित्रात जवळजवळ नसला तरी बिघडत नाही, बहुधा चित्र अधिकच उठतं.

करून घेतलेलं चित्र मुळात वाईट नसतं. चांगल्या चित्रकाराला जागा दाखवून, मोकळीक देऊन काम सांगा, पण कागदावर. माप, माध्यम, आडवं की उभं, आधी किती कच्ची रेखाटनं दाखवणार, किती वेळा बदल, हप्ते कोणत्या टप्प्यावर, प्रतिमेचे हक्क कोणाकडे, आणि काम नापसंत पडलं तर काय. लंडनमध्ये १८७६-७७ मध्ये जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांच्या भोजनकक्षात चित्रकार व्हिसलर यांचं एक चित्र होतं. भोवतालचे रंग आपल्या चित्राला मारतात म्हणून किरकोळ फेरफार करायला ते आले आणि मालक गावाला गेलेले असताना भिंतीवरचं मौल्यवान चामडं त्यांनी निळ्या-हिरव्या रंगात नि सोन्यात रंगवून टाकलं. त्यांनी मागितलेल्या रकमेच्या निम्मीच मालकाने दिली, व्हिसलर यांनी त्यावर भिंतीवर भांडणारे दोन मोर काढले, एकाच्या पायाशी नाणी. ती खोली आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे आणि जगभरचे लोक बघायला जातात, पण तुमच्या दिवाणखान्यात एवढं नाट्य नको असेल तर कामाची व्याप्ती लिहून घ्या. आणखी एक : तैलरंग वरून कोरडा दिसला तरी आतून महिनोन्‌महिने वाळत असतो, जाड थर असेल तर अंतिम वार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. राहायला जायच्या तारखेला तयार हवं असेल तर अ‍ॅक्रिलिक सांगा.

तुमच्या यजमानांच्या गुंतवणुकीबद्दल. आवडलेलं चित्र पुढे वाढलं तर आनंदच, पण वाढेल म्हणून घेतलेलं चित्र ही दिवाणखान्याची नव्हे, बाजाराची निवड असते. शिवाय बहुतेक चित्रांना खरेदीच्या किमतीला पुन्हा गिऱ्हाईक मिळत नाही, आणि विकताना मध्यस्थाचा वाटा जातो तो वेगळा. तरीही घ्यायचंच असेल तर कागद आधी, चित्र नंतर. बिलावर चित्रकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप आणि फोटो हवा. आतापर्यंत चित्र कोणाकोणाकडे होतं याची साखळी हवी. दिवंगत चित्रकाराचं असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार कशामुळे आहे हे विचारा, विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ नाही. चित्राच्या स्थितीचा लेखी अहवाल घ्या. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चने बघितलं तर नंतर केलेली डागडुजी अनेकदा गडद ठिपक्यांसारखी वेगळी दिसते. पाठ बघितल्याशिवाय काही घेऊ नका. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्राचा कॅनव्हास, लाकूड आणि खिळे एकाच वयाचे दिसायला हवेत.

कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फराटे मारलेली चित्रं ‘हाताने केलेली’ म्हणून खपवली जातात. दहापट मोठं दाखवणारं भिंग धरा. शाईचे बारीक ठिपके दिसले की छापील. शिवाय फराट्यांची दिशा खालच्या चित्राशी जुळत नाही, जेल एकीकडे आणि फांदी दुसरीकडे. छापील असण्यात कमीपणा नाही, फसवणुकीत आहे. मर्यादित आवृत्तीतलं छापचित्र घ्यायला हरकत नाही : खाली ‘१२/५०’ अशी नोंद असते, म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. एकूण आवृत्ती किती, त्याबाहेर चित्रकाराच्या प्रती किती, कागद आणि शाई कोणती, हे लेखी मागा.

डिझायनरला एक प्रश्न सरळ विचारा : चित्राच्या खरेदीवर तुम्हाला गॅलरीकडून काही मिळतं का? मिळत असेल तर ते गैर नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं. दर ठरवताना ते धरा. शक्य असेल तिथे चित्र आठवडाभर घरी ठेवून बघायची मुभा मागा, बऱ्याच गॅलऱ्या देतात.

आत्याच्या चित्रांबद्दल आमचं मत तुमच्या घरातल्या दोघांच्या विरुद्ध आहे. ती दिवाणखान्यात नकोत हे खरं, पण त्याचं कारण ऊन. खिडकी नसलेला पॅसेज किंवा अभ्यासिकेची आतली भिंत ही त्यांची जागा. चारही एकसारख्या फ्रेममध्ये, दोन-दोनच्या ओळीत किंवा सरळ एका ओळीत, मधे ५ सेंटिमीटर अंतर ठेवून लावा आणि अख्ख्या गटाचा मध्य १४५ ते १५० सेंटिमीटरवर घ्या. दुकानातून जमवलेल्या घरात ज्याला दुसरी प्रत नाही अशी ही बहुधा एकमेव गोष्ट असेल.

पण त्याआधी त्यांची फ्रेम बदलायलाच हवी. माउंट तपकिरी पडला याचा अर्थ त्या पुठ्ठ्यात आम्ल आहे आणि ते चित्राच्या कागदात उतरतं आहे. माउंटच्या आतल्या कडेने चित्रावरही पिवळी रेघ उठली असेल. स्वतः उघडू नका. कागदाच्या जतनाचं काम जाणणाऱ्या माणसाकडे न्या आणि पुढचं सगळं कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या : सुती लगद्याचा, आम्लमुक्त माउंट आणि मागचा बोर्डही तसाच. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगलेलं, चारही बाजूंनी चिकटवलेलं नाही. सेलोटेप नाही, स्प्रेचा गोंद नाही, गरम प्रेसवर चिकटवणं तर नाहीच. काच अतिनील अडवणारी, आणि चित्राला न टेकणारी. टेकली तर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग घेऊन येतो. कागदावर तांबूस ठिपके असतील तर तेही त्याच वेळी दाखवा, घरी खोडरबराने घासून बघू नका. माउंटचा काठ रुंद ठेवा, ८ ते १० सेंटिमीटर, तळाशी थोडा जास्त. लहान जलरंगाला भारदस्तपणा येतो तो या मोकळ्या काठामुळे, नक्षीदार फ्रेममुळे नाही. पॅसेजमध्ये दिव्याला सेन्सर लावलात तर माणूस येईल तेवढाच उजेड पडेल.

प्रवेशाच्या दालनात संगमरवराच्या शिरा जोडून मोठी आकृती साधली असेल तर तिच्यासमोर शिल्प मांडू नका. तो दगडच तिथलं चित्र आहे, दोघांच्या भांडणात दोन्ही हरतात. दगड शांत, एकरंगी असेल तर ब्राँझ छान दिसेल. शिल्पाचा मध्य डोळ्यांच्या उंचीजवळ यावा : ४५ सेंटिमीटर उंच ब्राँझला १.१ ते १.२ मीटरचा चौथरा. तळाला म्युझियम वॅक्सचे, म्हणजे वस्तू जागी धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचे, चार ठिपके, म्हणजे धक्क्याने सरकत नाही. चौथऱ्याजवळ जमिनीत वीजबिंदू ठेवा आणि वरून दोन बाजूंनी दोन दिवे, एक प्रखर, एक मंद. डोक्यावर सरळ एकच दिवा आला तर चेहऱ्याच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पितळ उजळायचं पॉलिश ब्राँझला कधीही लावू नका, वरचा थर, म्हणजे शिल्पाचा मूळ रंगच, निघून जातो. दगडाचं शिल्प मनात आलं तर आधी वजन काढा. ४० बाय ४० बाय ९० सेंटिमीटरचा ग्रॅनाइटचा ठोकळा ३९० किलोच्या आसपास जातो. स्लॅबच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो वर आणू नका.

या आठवड्यात साइटवर सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. भिंतीत प्लाय, भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर ट्रॅकची खाच, त्याचं वेगळं डिमर सर्किट, पडद्याच्या मोटरला वीजबिंदू, पॅसेजमध्ये एक दिव्यांची ओळ आणि दालनात जमिनीतला वीजबिंदू. शेवटचा रंगाचा हात झाल्यावर निदान महिनाभर काहीही टांगू नका. ओला रंग, नवा प्लाय आणि पॉलिश यांतून निघणारी वाफ बंद फ्रेममध्ये अडकते. तोवर आत्याची चित्रं फ्रेम होऊन येतील. सोफ्यामागची भिंत रिकामी राहिली तरी राहू द्या, हवं तर सहा महिने. वर दिवे आणि आत आधार तयार असलेली रिकामी भिंत बघून कोणी घर अपुरं आहे असं म्हणत नाही, आणि घाईगर्दीत घेतलेलं चित्र मात्र उतरवायला कोणाचा हात धजत नाही. चित्र आलं की समोरून आणि मागून फोटो, बिल, अहवाल आणि फ्रेमवाल्याची चिठ्ठी एका फायलीत ठेवा, विमा कंपनी पहिल्यांदा तेच मागते. धूळ मऊ केसांच्या ब्रशने झटका, पिसांच्या झाडूने नाही, कारण पिसं रंगाच्या उचललेल्या पापुद्र्यात अडकतात. काच पुसायची तर फवारा कापडावर मारा, काचेवर नाही.